नायिकेला सांभाळणारी बाई ऐन वेळी मागे का सरते?

पूर्वरंग

नाटकातल्या तरुण नायिकेजवळ, कित्येकदा तिच्या जन्मदात्या आईहूनही जवळ, तिला सांभाळणारी एखादी बाई असते. कधी ती अंगावर पाजणारी दाई असते, कधी आश्रमातली वडीलधारी स्त्री, तर कधी त्या घरात उभे आयुष्य काढलेली म्हातारी. नाटककारांना हे नाते का हवेसे वाटते ते उघड आहे, कारण आईबापांपासून लपवायचे ते बोलायला रंगमंचावर कुणीतरी लागतेच. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एवढी माया रंगवून झाल्यावर, नायिकेला तिची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या प्रवेशात नाटककार या बाईला मागे का खेचतो?

शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश पाहा. ज्युलिएटच्या आईला, लेडी कॅप्युलेटला, मुलीशी लग्नाचा विषय काढायचा आहे. ती दाईला बाहेर जायला सांगते आणि लगेच परत बोलावते. पोटच्या मुलीशी एकटीने बोलायची तिला सवय नाही हे तेवढ्यावरून कळते. मुलीच्या वयाचा विषय निघाल्यावर आई 'अजून चौदा पूर्ण नाहीत' इतकेच म्हणते. दाई मात्र तिचे वय तासापर्यंत सांगू शकते. मग तिची जी गाडी सुटते ती थांबता थांबत नाही. तिची स्वतःची मुलगी सुसान ज्युलिएटच्याच वयाची होती आणि ती देवाघरी गेली. अकरा वर्षांपूर्वी भूकंप झाला त्याच दिवशी तिने कबुतरखान्याच्या भिंतीपाशी उन्हात बसून, स्तनाला कडू रस लावून ज्युलिएटचे दूध तोडले. आईवडील त्या दिवशी मँटुआला होते. हे सारे प्रेक्षकांना हसवत सांगितले जाते. पण आपले मूल गेलेल्या बाईने दुसरीचे मूल वाढवले आणि त्या मुलीच्या लहानपणाचा एकमेव साक्षीदार तीच उरली, ही गोष्ट त्या हसण्याखालून पुढे सरकत राहते.

आता तिसऱ्या अंकातला पाचवा प्रवेश. आईबापांनी ठरवलेल्या वराशी, पॅरिसशी, लग्नाला नकार दिल्यामुळे बाप ज्युलिएटला घराबाहेर काढण्याची धमकी देतो. त्याला तोंडावर 'दोष तुमचा आहे' असे सुनावणारी त्या खोलीतली एकटी व्यक्ती म्हणजे दाई. आई 'माझ्याशी बोलू नकोस' म्हणून निघून जाते. ज्युलिएट दाईकडे वळून आधार मागते, आणि दाई सांगते की रोमिओ हद्दपार झाला आहे, तो काही परत येत नाही, तेव्हा पॅरिसशी लग्न करून मोकळी हो. दोघांचे गुप्त लग्न जुळवायला निरोप नेणारी, दोरीची शिडी आणून देणारी तीच. 'हे मनापासून बोलतेस का?' असे ज्युलिएट विचारते, होकार ऐकते आणि 'तू माझे फार सांत्वन केलेस' असे म्हणून तिला वाटेला लावते. त्या क्षणापासून ती दाईला एकही खरी गोष्ट सांगत नाही.

माझे म्हणणे असे आहे की इथे दाईची माया कमी पडत नाही. तिच्याजवळ आईचे सारे काम आहे, पण आईचा अधिकार नाही, आणि ज्या घराच्या अन्नावर ती जगते त्या घराच्या मालकापुढे तिची हिंमत एका वाक्यापुरतीच पुरते. नाटककार तिच्या प्रेमापेक्षा तिच्या जागेची लांबी-रुंदी दाखवत असतो. आपणा सर्वांना काय वाटते? नुसती मते नकोत, शक्यतो नाटकातले प्रवेश दाखवून बोलावे.

नेपथ्य

आपला मुद्दा 'शाकुंतला'ला तंतोतंत लागू पडतो, किंबहुना तिथे तो अधिक बोचतो. मेनकेने टाकलेल्या शकुंतलेला कण्वांनी वाढवले हे आपण सतत सांगत असतो, पण त्या आश्रमात आईच्या ठिकाणी वावरते ती गौतमी. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती शांतीचे पाणी घेऊन येते, शकुंतलेच्या डोक्यावर शिंपडते आणि आता तुला बरे वाटेल असा धीर देते. दुष्यंत शेजारीच झाडीत लपलेला आहे आणि मुलीचा ताप निराळाच आहे, याची तिला कल्पना नाही.

पाचव्या अंकात राजा ओळख नाकारतो तेव्हा शकुंतलेच्या चेहऱ्यावरचे अवगुंठन गौतमीच पुढे होऊन दूर करते, म्हणजे चेहरा पाहून तरी त्याला आठवेल. अंगठी बोटात नाही असे दिसताच ती शचीतीर्थाच्या पाण्यात पडली असावी, हा तर्कही तिचाच. दरबारात शिष्य युक्तिवाद करत असतात आणि ही एकटी व्यवहाराच्या वाटा शोधत असते. शेवटी त्यातला शार्ङ्गरव हा शिष्य शकुंतलेला तिथेच सोडून निघतो आणि ती रडत मागे येऊ लागते, तेव्हा गौतमी थबकते. नवऱ्याने इतक्या कठोरपणे झिडकारल्यावर माझ्या लेकीने करावे तरी काय, असे ती शार्ङ्गरवाला विचारते. शार्ङ्गरव उलट शकुंतलेवरच डाफरतो. आणि गौतमी त्या शिष्यांबरोबर आश्रमाकडे परत जाते.

ती थांबली का नाही, हा प्रश्न मला नेहमी छळतो. वयाने ती त्या दोन्ही शिष्यांहून मोठी आहे, पण शब्द त्यांचा चालतो. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. राजाला शकुंतलेचा विसर पडेल या दुर्वासांच्या शापाची माहिती अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनाच होती आणि शकुंतला नाजूक मनाची म्हणून त्यांनी ती दडवून ठेवली. गौतमीला तो शाप ठाऊक असता तर ती त्या दरबारात काय बोलली असती, याचा विचार करून पाहावा. मैत्रिणींनी मायेपोटी राखलेले मौन आणि गौतमीचे अज्ञान यांच्या मधल्या फटीत शकुंतला सापडते.

दुर्वा

दाईला एवढे झोडपू नये, असे मला वाटते. तिच्या जागी उभे राहून पाहा. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट मारला गेला आहे, मारणारा जावई हद्दपार आहे, लग्न गुप्त आहे आणि बाप मुलीला रस्त्यावर भीक मागत मर म्हणतो आहे. एक मुलगी गमावलेल्या बाईला दुसरी जिवंत आणि चार भिंतींच्या आत हवी आहे. त्यासाठी तिला खोटे लग्नसुद्धा चालते. तिचा सल्ला धर्माच्या दृष्टीने वाईट असेल, पण तो भेकडपणाचा आहे असे म्हणता येत नाही.

दुसरे असे की ऐन वेळी मागे सरण्याचा आरोप करायचाच तर तो आधी धर्मगुरू फ्रायर लॉरेन्सवर करावा. त्याच्याकडे धर्माचा अधिकार होता, समाजात मान होता, आणि लग्न लावून देणारा तर तोच होता. उघडपणे बोलण्याऐवजी त्याने मुलीच्या हाती गुंगीचे औषध दिले, आणि थडग्यात ती जागी झाली तेव्हा पहारेकऱ्यांची चाहूल लागताच 'मला आता थांबण्याची छाती नाही' म्हणत तो निघून गेला. मग ज्याच्याजवळ अधिकार आहे तोही पळतोच की. आपला सिद्धांत इथे अडखळतो.

पूर्वरंग

दुर्वा, फ्रायरचा मुद्दा बिनतोड आहे. पण मला तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाताना दिसत नाही. दोघेही मागे सरतात हे मान्य. पुढे त्यांचे काय होते ते पाहा. शेवटच्या प्रवेशात फ्रायरला सगळी हकिगत सांगायला भरपूर ओळी मिळतात आणि तुम्ही पुण्यशील म्हणूनच आम्हाला माहीत आहात, असे राजा त्याला सांगतो. दाईचा उल्लेख त्या हकिगतीत एकदाच येतो, तोही लग्न तिला माहीत होते एवढ्यापुरता. चौथ्या अंकात ज्युलिएट मेली असे समजून ती आक्रोश करते, त्यानंतर तिला नाटकात जागाच नाही. शेक्सपिअरने जिच्यावरून कथानक घेतले त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या काव्यात तर लग्न लपवल्याबद्दल दाईला हद्दपारीची शिक्षा होते आणि फ्रायर सुटतो. शेक्सपिअरने ती शिक्षा गाळली आणि कुणाला माफी मिळेल, कुणाला शिक्षा, असे राजाच्या तोंडी मोघम वाक्य ठेवले. तिला क्षमा केली म्हणावे की विसरले म्हणावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. त्याच काव्यातली ज्युलिएट सोळाच्या जवळ आहे. शेक्सपिअरने तिला तेरा वर्षांची केली आणि त्यामुळे दाईच्या मांडीवरून ती उतरून फार काळ झालेला नाही असे वाटत राहते.

रंगपीठ

या चर्चेत इब्सेनचे 'अ डॉल्स हाउस' (१८७९) यायलाच हवे. नायिका नोरा नवरा आणि मुले सोडून, दार लावून निघून जाते यावर इतके लिहिले गेले आहे की अ‍ॅन-मारी नावाची, नोराला लहानपणापासून सांभाळणारी म्हातारी त्या घरात आहे हेच लोक विसरतात.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ती पार्टीच्या पोशाखाची पेटी घेऊन येते. नोरा मनातून खचलेली आहे आणि मुलांना जवळ येऊ देत नाही. सहज विचारावे तसे ती अ‍ॅन-मारीला विचारते की स्वतःचे मूल परक्यांच्या हाती देणे तुला कसे जमले. म्हातारीचे उत्तर कमालीचे साधे आहे: छोट्या नोराला सांभाळायचे होते, मग द्यावेच लागले. फसवल्या गेलेल्या गरीब मुलीला अशी चांगली नोकरी मिळाली तर तिने आनंदच मानायचा. मुलगी तुला विसरली असेल, असे नोरा म्हणते. तेव्हा ती सांगते की नाही, तिची पत्रे आली होती, एक धर्मदीक्षेच्या वेळी आणि एक लग्नाच्या वेळी. एका आयुष्यात दोन पत्रे! नोरा तिच्या गळ्यात हात टाकून 'तू माझी चांगली आई झालीस' असे म्हणते, आणि म्हातारी म्हणते की बिचाऱ्या नोराला माझ्याशिवाय दुसरी आई होतीच कुठे.

पूर्वरंग यांनी मांडलेला अधिकाराचा प्रश्न इथे पैशाच्या रूपात समोर येतो. नोराला मिळालेले आईपण दुसऱ्या एका मुलीच्या वाट्याचे होते. इब्सेन यावर भाष्य करत नाही. दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातो. पण तिसऱ्या अंकात नोरा घर सोडते तेव्हा मुलांना पाहायलाही जात नाही, कारण ती माझ्यापेक्षा चांगल्या हातांत आहेत असे तिला वाटते. ते हात अ‍ॅन-मारीचे. म्हणजे जी बाई गरिबीमुळे आपली मुलगी सोडून या घरात आली तिच्याच भरवशावर तिची मानसकन्या स्वतःची मुले सोडून या घरातून निघते. नोराच्या स्वातंत्र्याची किंमत कोण भरणार, याचे उत्तर त्या दाराच्या आवाजात ऐकू येत नाही, कारण ती बाई तेव्हा आत मुलांजवळ असते आणि तिला कुणी विचारलेलेही नसते.

त्यामुळे मूळ प्रश्नाला माझी थोडी दुरुस्ती अशी आहे. सांभाळणारी बाई मागे सरते असे नेहमीच नसते. काही वेळा ती जागेवरच असते आणि नायिका तिला गृहीत धरून पुढे जाते.

सावली

आतापर्यंत सगळी उदाहरणे कमी पडणाऱ्या मायेची आली. जास्त झालेल्या मायेचे काय? युरिपिडीसचे 'हिप्पोलिटस' (इ.स.पू. ४२८) या दृष्टीने वाचावे. फीड्राला आपल्या सावत्र मुलाविषयी, हिप्पोलिटसविषयी, वाटणारी ओढ ती मरेपर्यंत गिळून टाकणार होती. तिला लहानाची मोठी केलेली दाई तिचा हात आणि गुडघे धरून विनवणी करते आणि ते गुपित काढून घेते. ऐकल्यावर आधी ती स्वतःच हादरते. मग थोड्या वेळाने परत येऊन म्हणते की दुसऱ्यांदा केलेला विचार अधिक शहाणा असतो, आणि फीड्राला न विचारता सरळ हिप्पोलिटसपाशी जाऊन बोलते. पुढचा सगळा विध्वंस तिथून सुरू होतो.

फीड्रा तिला शाप देऊन हाकलते. त्यावर दाईचे उत्तर मला थक्क करते: मी तुला वाढवले, मला तुझे हित हवे होते, बेत साधला असता तर आज मला शहाणी म्हटले असते. यात पश्चात्ताप अगदी थोडा आहे. आपण जिला वाढवले तिच्या मनावर आपला हक्क आहे, हे या बाईने गृहीतच धरले आहे. तेव्हा अधिकार नसणे हा एकच धोका नव्हे. नसलेला अधिकार मायेच्या जोरावर गाजवणे हा दुसरा.

नेपथ्य

सावली यांच्या मुद्द्याला जोडून 'मालतीमाधव' आठवले. आठव्या शतकातल्या भवभूतीने कामंदकी ही व्यक्तिरेखा अशी रचली आहे की पूर्वरंग यांचा सिद्धांत तपासायला ती जणू मुद्दाम उभी केली असावी. ती बौद्ध परिव्राजिका आहे, नायक-नायिकेच्या वडिलांची जुनी स्नेही आहे आणि कुणाच्या घरच्या अन्नावर जगत नाही. राजाला मालतीचे लग्न आपल्या मर्जीतल्या नंदनाशी लावायचे आहे आणि मालतीचा बाप अमात्य असल्यामुळे उघड विरोध करू शकत नाही. जे बापाला जमत नाही ते कामंदकी करते. आपल्या शिष्यांकरवी ती निरोप पोचवते, भेटी घडवते, आणि शेवटी माधवाचा मित्र मकरंद नवरीच्या वेशात नंदनाच्या घरी जातो इथपर्यंत मजल नेते. तिने घर आधीच सोडलेले आहे, त्यामुळे घराबाहेर काढण्याची धमकी तिच्यावर चालत नाही.

तरीही ती नुसती कारस्थानी नाही. दहाव्या अंकात, मालती नाहीशी झालेली असताना, कामंदकीचा सगळा धोरणीपणा गळून पडतो आणि ती त्या मुलीचे बाळपणीचे तोंड आठवते: कारण नसताना रडणारे, कारण नसताना हसणारे, कळ्यांसारख्या इवल्या दातांचे, बोबडे आणि असंबद्ध पण गोड बोलणारे. हाच श्लोक भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात जनकाच्या तोंडी सीतेसाठी घातला आहे. जन्माचे नाते नसलेल्या संन्यासिनीचा शोक आणि मुलगी गमावलेल्या बापाचा शोक यांना कवीने एकच श्लोक पुरवला. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र सांभाळणाऱ्या बाईला मिळाले असेल असे मला वाटत नाही.

रंगपीठ

कामंदकीचे उदाहरण फार नेमके आहे. याच्या अगदी उलट टोकाला चेखॉव्हच्या 'थ्री सिस्टर्स'मधली (१९०१) अनफिसा आहे. ऐंशी वर्षांची ही दाई आता काम करू शकत नाही. तिसऱ्या अंकात, गावात आग लागलेली असताना, ती तिघींतल्या थोरल्या ओल्गाला मला हाकलू नकोस म्हणून विनवते. मग त्यांच्या भावाची बायको नताशा येते, तिला बसलेली पाहून 'माझ्यासमोर बसायची हिंमत कशी झाली' म्हणून ओरडते आणि असली निरुपयोगी माणसे घरात कशाला, असे विचारते. ही आमच्याकडे तीस वर्षे आहे, एवढेच ओल्गा म्हणू शकते. नताशाचा सूर तिला सहन होत नाही, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या घरात आता ओल्गाचाही अधिकार उरलेला नाही. पण चौथ्या अंकापर्यंत तिने शाळेच्या सरकारी जागेत अनफिसाला आपल्याजवळ नेले आहे, आणि स्वतःची खोली, स्वतःची खाट मिळालेली ती म्हातारी माझ्याइतके सुखी कुणी नाही असे सांगत असते. मॉस्कोला परतायची आस लागलेल्या तिन्ही बहिणींना मॉस्को मिळत नाही. नाटकात मनासारखे काही झालेच असेल तर ते या बाईचे.

सावली

तालमीच्या अनुभवावरून एक गोष्ट जोडते. ज्युलिएटची दाई करणारी अभिनेत्री बहुतेक वेळा दुसऱ्या अंकात अडकते. ज्युलिएटने तिला नऊ वाजता पाठवलेले असते, अर्ध्या तासात येते म्हणून गेलेली ती बाराला उगवते, आणि रोमिओचा निरोप सांगायच्या ऐवजी हाडे दुखतात, दम लागला, पाठ चोळ असे चालू ठेवते. प्रेक्षक हसतात म्हणून हा प्रवेश लांबवला जातो आणि तिसऱ्या अंकात एकदम गंभीर बाई कुठून आणावी, हे कळेनासे होते. यावर मला एकच उपाय सापडला. दुसऱ्या अंकातला तो छळ केवळ गंमत म्हणून करू नये. त्या निरोपापुरती का होईना, सत्ता तिच्या हातात आहे आणि ती चाखून घेते आहे, असे समजून करावा. मग बापापुढे तिचे तोंड बंद होते तेव्हा काय गेले ते प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. औषध पिण्याआधी ज्युलिएट 'दाई!' अशी हाक मारते आणि तिचे इथे काय काम, असे स्वतःलाच विचारून थांबते. ती हाक मोठ्याने मारायची की पुटपुटायची, यावर मात्र आमच्या गटात एकमत झालेले नाही. माझे मत मोठ्याने मारावी असे आहे, कारण ती सवयीने निघालेली हाक आहे.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. एक उलटे उदाहरण मीच ठेवते, कारण ते मला अडचणीचे वाटते. 'ऑथेल्लो'मधली एमिलिया डेस्डेमोनाची दाई नव्हे, पण चौथ्या अंकात तिचे कपडे उतरवणारी, तिच्या सांगण्यावरून लग्नाच्या चादरी अंथरणारी आणि मी आधी मेले तर यातल्याच एका चादरीत मला गुंडाळ हे ऐकून घेणारी तीच आहे. शेवटी, डेस्डेमोनाच्या खुनामागचे कारस्थान ती उघड करू लागताच, ते रचणाऱ्या तिच्या नवऱ्याने, इयागोने, गप्प राहा म्हटल्यावर, त्याची आज्ञा पाळणे योग्य असले तरी आत्ता नाही, असे ती म्हणते आणि कदाचित मी आता कधीच घरी जाणार नाही हे जाणून बोलते. इथे बाई मागे सरलेली नाही.

दुर्वा

एमिलियाचा तो प्रवेश मलाही प्रिय आहे, पण क्रम तपासून पाहावा. ज्या रुमालावरून ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेटवला गेला, तो डेस्डेमोनाचा रुमाल तिनेच उचलून नवऱ्याला दिला होता. तिसऱ्या अंकात डेस्डेमोना तिलाच विचारते की तो रुमाल कुठे हरवला असेल, आणि ती 'मला माहीत नाही' म्हणते. पुढच्याच क्षणी ऑथेल्लो तिथे येऊन रुमाल मागतो, ती तिथे उभी असते, तरी बोलत नाही. ती बोलते ते डेस्डेमोना मेल्यानंतर. त्या तिसऱ्या अंकात एक वाक्य पुरले असते.